हौसेचे स्टेअरिंग

मोटारीचे स्टेअरिंग ‘करून घेणे’ या एका शब्दप्रयोगात गॅरेजवाले निदान चार वेगवेगळी कामे मोजतात. आहे त्या चाकावर कव्हर चढवणे किंवा रेक्झिन शिवून घेणे हे पहिले. एका हाताने फिरवता यावे म्हणून नॉब लावणे हे दुसरे. बेस मॉडेलचे साधे स्टेअरिंग उतरवून त्याच गाडीच्या टॉप मॉडेलचे बटणांचे स्टेअरिंग बसवणे हे तिसरे. चौथे म्हणजे कंपनीचे चाक काढून त्याजागी बाजारातले लहान, स्पोर्ट्स पद्धतीचे चाक लावणे. बिदर, भालकी, औराद, बसवकल्याणपासून कलबुर्गी, आळंदपर्यंतच्या सीमाभागात पहिले काम जवळपास प्रत्येक गाडीवर झालेले दिसते, चौथे क्वचित. माल बहुतेक हैदराबादहून येतो, कलबुर्गीच्या बाजूला सोलापूरहूनही, आणि आता तर कुरिअरने थेट घरी. चारही कामांना दुकानदार ‘अर्ध्या तासाचे काम’ म्हणतो. वेळेच्या बाबतीत तो फारसा चुकत नाही. धोका मात्र चारही कामांत सारखा नसतो, आणि तो नेमका कुठून सुरू होतो हे कळण्यासाठी आधी चाकाची रचना पाहावी लागते.

हातात येते ती कड म्हणजे रिम. तिच्या आत पोलादाचा किंवा हलक्या मिश्रधातूचा सांगाडा असतो, त्यावर पॉलियुरेथेनचा जाड थर, आणि महागड्या मॉडेलांत वरून चामडे. आऱ्या रिमला मधल्या हबशी जोडतात. हबच्या भोकात आतून बारीक दाते पाडलेले असतात. कॉलममधून वर येणाऱ्या शाफ्टवरही तसेच दाते असतात. यांना स्प्लाइन म्हणतात. दाते दात्यांत बसतात, वरून एक नट आवळला जातो, आणि गाडीची दिशा त्या दात्यांवर व त्या एका नटावर अवलंबून राहते. दात्यांची संख्या आणि शाफ्टची जाडी कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिकही बदलते. त्यामुळे एका गाडीचे चाक दुसरीवर ‘थोडे ठोकून’ बसवण्याचा प्रकार कोणत्याही मिस्त्रीने सुचवला तरी तिथेच थांबावे. दाते एकदा घासले गेले की चाक हातात फिरते आणि गाडी सरळ जाते.

सुरुवातीच्या मोटारींना चाक नव्हतेच. होडीच्या सुकाणूसारखा दांडा असे. १८९४ साली पॅरिस ते रूआँ या शर्यतीत आल्फ्रेद व्हाशरोन याने आपल्या पानार गाडीला गोल चाक लावले आणि पुढच्या काही वर्षांत दांडा मागे पडला. म्हणजे स्टेअरिंगचे चाक जन्मालाच आले ते एका हौशी शर्यतवाल्याच्या बदलातून. पुढेही शर्यतींनीच या बाजाराला आकार दिला. इटलीत एन्रिको नार्दी यांची लाकडी रिमची चाके नावाजली गेली, आणि १९६४ मध्ये जानपिएरो मोरेत्ती यांनी मोमो ही कंपनी काढली. तिचे नाव मोरेत्ती आणि मोन्झा येथील शर्यतीचा मार्ग या दोन शब्दांतून घेतलेले. आज दुकानात टांगलेल्या बहुतेक स्पोर्ट्स चाकांवर यांपैकी एखादे नाव असते, आणि हलक्या किमतीच्या चाकावरचे ते नाव खोटे असण्याचीच शक्यता जास्त.

लहान चाकाची आवड शर्यतीतूनच आली. चाक लहान असले की हात कमी अंतर फिरतात, गाडी चटकन वळल्यासारखी वाटते. पण याची किंमत मनगटाला मोजावी लागते. जात्याचा खुंटा कडेला असतो तोवर जाते सहज फिरते. तोच मध्याकडे सरकवला तर दळणाऱ्याचे हात भरून येतील. चाकाचेही तसेच आहे. साध्या मोटारीचे चाक साधारण ३७० ते ३८० मिलिमीटर व्यासाचे असते, बाजारातली स्पोर्ट्स चाके ३२० ते ३५० मिलिमीटरची. ३८० च्या जागी ३३० चे चाक आले तर तेवढ्याच वळणासाठी सुमारे १५ टक्के अधिक जोर लागतो. पॉवर स्टेअरिंग असलेल्या गाडीत हा फरक जाणवतोच असे नाही. जुन्या मारुती ८०० किंवा पॉवर स्टेअरिंग नसलेल्या जीपमध्ये, विशेषतः बाजारपेठेत गाडी मागेपुढे करताना, तो लगेच जाणवतो. शिवाय लहान चाकाची वरची कड नेमकी स्पीडोमीटरच्या आड येते. दुकानात चाक हातात धरून पाहताना ही गोष्ट कधीच लक्षात येत नाही.

मोठ्या चाकांची दुनिया पाहायची तर पुणे–हैदराबाद महामार्गावर बसवकल्याणकडे पाहावे. तिथले ऑटोनगर ट्रकांच्या कामासाठी ओळखले जाते. ट्रकचे चाक मोटारीपेक्षा कितीतरी रुंद असते, कारण पॉवर स्टेअरिंग येण्याआधी भरलेला ट्रक वळवायला तेवढी लांब तरफ लागतच होती. त्या रुंद रिमवर रंगीत प्लॅस्टिकच्या दोऱ्या गुंडाळणे, मखमल चढवणे, नॉबमध्ये देवाची तसबीर बसवणे ही ट्रकवाल्यांची रीत; मोटारींच्या दुकानात आज विकली जाणारी निम्मी सजावट तिच्यातूनच उतरली आहे. ट्रकमध्ये दोरी गुंडाळण्याला कारणही होते. घामट हात, उघड्या खिडकीतून येणारी धूळ आणि गुळगुळीत कडक रिम असली की पकड सुटते.

मोटारीवर कव्हर चढवण्यामागेही मुख्य कारण हवामानच आहे. कलबुर्गीत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, आणि काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा आतला भाग बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. काळे चाक काचेतून येणारे ऊन थेट घेते. अशी काही वर्षे गेली की पॉलियुरेथेनचा वरचा थर मऊ पडतो, चिकट होतो, बोटांना काळे लागते. हाताचा घाम, तेल आणि सॅनिटायझर यांनी ही झीज आणखी लवकर होते. चाक असे चिकट झाले म्हणून ते बदलण्याची गरज नसते. वरून नीट शिवलेले कव्हर पुरते.

कव्हरांत दोन जाती आहेत. एक तयार कड्यासारखे, आतून रबर असलेले, हाताने ताणून चढवायचे. स्वस्त, पाच मिनिटांत बसते आणि पाच मिनिटांत निघते. याचा मोठा दोष असा की माप चुकले तर ते रिमवर घसरते. सरळ रस्त्यावर कळत नाही. अचानक समोर म्हैस आली आणि चाक झटक्यात फिरवावे लागले की हात कव्हरासह फिरतो आणि चाक मागे राहते. उन्हात आतले रबर सैल पडले की हे हमखास होते. म्हणून घेण्याआधी चाकाचा बाहेरचा व्यास मोजून घ्यावा, आणि चढवल्यावर दोन्ही हातांनी पिळून पाहावे. जराही सरकले तर दुकानातच परत करावे.

दुसरी जात सुईदोऱ्याने शिवायच्या कव्हरांची. बिदर, हुमनाबाद, कलबुर्गीत सीटकव्हर शिवणारे कारागीर हे काम करतात. रिमच्या मापाने रेक्झिन किंवा चामडे कापून, आतल्या बाजूला मेण लावलेल्या नायलॉनच्या दोऱ्याने टाके घालून ते आवळले जाते. आऱ्या जिथे रिमला मिळतात तिथल्या खाचा ही या कामाची खरी परीक्षा. तिथे सुरकुती राहिली की पुढे तिथूनच उसवते. चांगला कारागीर चामडे आधी किंचित ओले किंवा गरम करून ताणतो. खरे चामडे घाम शोषते आणि उन्हाळ्यात रेक्झिनइतके चटके देत नाही, पण त्याला वर्षातून दोनदा तरी चामड्याचे तेल लागते, नाहीतर तडे जातात. सुएडसारखे मखमली कापड शर्यतीच्या गाड्यांत हातमोज्यांसाठी असते. उघड्या घामट हाताखाली ते काही महिन्यांत चपटे आणि कळकट होते. या भागातल्या धुळीत त्याचा मोह धरू नये. जाडीचाही विचार हवा. कंपनीच्या रिमवर फोमचे जाड कव्हर चढले की लहान हातांची बोटे पूर्ण वळत नाहीत आणि पकड वाढण्याऐवजी कमी होते. नव्या गाड्यांत जिथे चालकाचे हात चाकावर आहेत की नाही हे रिममधले सेन्सर तपासतात, तिथे कव्हरामुळे ती सोय बिघडू शकते.

कव्हर रिमपुरते असावे. मधल्या पॅडवर काहीही चिकटवू नये. चकाकणाऱ्या खड्यांचे बोधचिन्ह, पितळी ॐ, छोटी तसबीर असे बरेच काही तिथे लावलेले दिसते, आणि एअरबॅग असलेल्या गाडीत ते सारे चालकाच्या तोंडासमोर रोखलेले असते. अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा यंत्रणेने २०२३ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. एका चालकाच्या चाकावरचे खड्यांचे चिन्ह एअरबॅग उघडताना उडाले आणि त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली होती. खंडेनवमीला चाकाला हळदकुंकू आणि फुलांचा हार अवश्य घालावा. गाडी सुरू करण्याआधी हार उतरवावा, एवढेच.

नॉबबद्दल मतभेद आहेत. फोर्कलिफ्ट, ट्रॅक्टर, अरुंद जागेत सतत वळणारी वाहने यांना तो सोयीचा. एकच हात वापरता येणाऱ्या चालकासाठी तर तो गरजेचा असतो, आणि दिव्यांग व्यक्तीसाठी वाहनात असे फेरफार करण्याची वाट कायद्याने ठेवलेली आहे. धडधाकट चालकाच्या मोटारीत मात्र तो हौसेपुरताच. वेगात चाक सोडले की नॉब गरकन फिरून मनगटावर किंवा अंगठ्यावर बसतो, बाहीत अडकतो, आणि अपघातात छाती चाकावर आदळली तर पुढे आलेला तो कठीण गोळाच आधी लागतो.

संपूर्ण चाक बदलायचे तर चाकासोबत आणखी एक भाग लागतो: हब अडॅप्टर, बाजारात बॉस किट म्हणतात तो. त्याची एक बाजू त्या विशिष्ट गाडीच्या स्प्लाइनवर बसते, दुसऱ्या बाजूला सहा बोल्टांची भोके असतात. ही भोकेही सर्वत्र सारखी नाहीत. मोमो पद्धतीत सहा बोल्ट ७० मिलिमीटरच्या वर्तुळावर येतात, नार्दी पद्धतीत ७४ मिलिमीटरच्या. चार मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही. ड्रिलने भोके रुंद करून एक चाक दुसऱ्या अडॅप्टरवर बसवलेले असते तिथे बोल्ट कालांतराने सैल होतात. बॉस किटमुळे चाक काही सेंटिमीटर चालकाकडे सरकते. सीट मागे घ्यावी तर पाय क्लचपर्यंत पुरत नाहीत, पुढे ठेवावी तर कोपर मोकळे वळत नाही. झटक्यात काढता येणारे क्विक रिलीज हब शर्यतीच्या गाडीत उपयोगाचे, कारण पिंजऱ्यासारख्या नळ्यांतून चालकाला बाहेर पडायचे असते. रोजच्या गाडीत तो झिजणारा आणखी एक सांधा ठरतो.

इथवरचा विचार एअरबॅग नसलेल्या गाडीचा झाला. भारतात १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीत चालकाची एअरबॅग सक्तीची झाली आणि २०२१ च्या अखेरीपासून शेजारच्या सीटचीही. तेव्हापासून चाकाचा मधला भाग हौसेच्या यादीतून बाद झाला असे समजावे. पॅडखाली घडी घातलेली पिशवी आणि तिच्यामागे इन्फ्लेटर असतो. धडकेची जाणीव होताच त्यातले रसायन पेटते आणि सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत पिशवी वायूने भरते. चाकाचा व्यास, त्याचा कोन, पॅडच्या झाकणावरची फाटण्याची रेघ, कॉलमचे दबणे हे सगळे त्या एका क्षणासाठी जुळवलेले असते. चालकाची छाती पॅडपासून निदान २५ सेंटिमीटर दूर हवी, तीही याच कारणाने. बाजारातल्या स्पोर्ट्स चाकात एअरबॅग नसते. ते बसवले की सुरक्षेचा एक पूर्ण भाग गाडीतून निघून जातो, आणि बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचा दिवा कायम पेटलेला राहिला की बाकीच्या एअरबॅगा व सीटबेल्ट आवळणारी यंत्रणाही विश्वासाची राहत नाही.

तो दिवा विझवण्याची एक युक्ती बाजारात चालते. एअरबॅगच्या वायरीत छोटा रेझिस्टर जोडला की गाडीच्या संगणकाला पिशवी जागेवर असल्याचा भास होतो. यात फसतो तो बहुधा गाडीचा पुढचा मालक. जुनी गाडी घेणाऱ्याने म्हणून पॅडची फट, रंगातला फरक आणि खरवडलेल्या खुणा बारकाईने पाहाव्यात. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून मग विझायला हवा. तो लागलाच नाही तर तेही संशयाचे कारण. पण रेझिस्टर जोडलेला असेल तर दिवा अगदी नियमाप्रमाणे वागतो, म्हणून शंका आली तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये पॅड उघडून तपासणे हाच मार्ग उरतो. अपघातातल्या गाडीची भंगारातून आलेली एअरबॅग कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

राहिले बटणांचे स्टेअरिंग, आणि चारही कामांत सर्वांत समाधान देणारे हेच. त्याच गाडीच्या त्याच पिढीच्या वरच्या मॉडेलचे कंपनीचे चाक असेल तर स्प्लाइन जुळतात, एअरबॅगही बहुधा तीच राहते. ती तीच आहे याची खात्री पार्ट नंबरवरून करून घ्यावी. अडचण वायरीची असते. स्थिर कॉलम आणि फिरते चाक यांना जोडणारी एक गुंडाळलेली चपटी पट्टी असते, क्लॉक स्प्रिंग. हॉर्न, एअरबॅग आणि बटणे यांचे सर्व तारा तिच्यातूनच जातात. बेस मॉडेलच्या क्लॉक स्प्रिंगमध्ये बटणांच्या तारा नसण्याची शक्यता मोठी, त्यामुळे तीही बदलावी लागते. साध्या गाड्यांत प्रत्येक बटणामागे वेगळ्या मूल्याचा रेझिस्टर असतो, आणि बाहेरून घेतलेल्या स्टिरिओच्या मागच्या ‘की’ नावाच्या वायरीला जोडून ती बटणे एकेक करून शिकवता येतात. नव्या गाड्यांत बटणांचा संदेश डिजिटल जाळ्यातून जातो. तिथे मधे इंटरफेसचे खोके लागते.

प्रत्यक्ष कामाचा क्रम सर्व गाड्यांत थोडाफार सारखा. पुढची चाके सरळ करावीत. बॅटरीची ऋण वायर काढून काही मिनिटे थांबावे, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत काही काळ वीज साठून असते. पॅडच्या बाजूच्या क्लिपा किंवा बोल्ट सोडवून पॅड उचलावे, जोड काढावा. मधला नट पूर्ण काढण्याआधी शाफ्टवर आणि हबवर एकाच रेषेत खूण करून ठेवावी. नट दोन-तीन आटे अडकवूनच ठेवावा आणि मग चाक हलवून सोडवावे, नाहीतर ते एकदम सुटून तोंडावर बसते. चाकावर किंवा शाफ्टवर हातोडा कधीही मारू नये. चाक निघाल्यावर क्लॉक स्प्रिंग फिरू देऊ नये. फिरलीच तर ती एका बाजूला शेवटपर्यंत हलकेच नेऊन, साधारण अडीच फेरे उलट आणून, बाणाच्या खुणा जुळवाव्यात. हे न केल्यास पहिल्या पूर्ण वळणाला पट्टी तुटते आणि हॉर्न, बटणे, एअरबॅग तिन्ही एकदम मुकी होतात. नट कंपनीने सांगितलेल्या जोरानेच, टॉर्क पान्याने आवळावा. बऱ्याच गॅरेजांत हा पाना भिंतीवर असतो, हातात नसतो. ज्या गाड्यांत घसरण रोखणारी ईएससी यंत्रणा आहे तिथे स्टेअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर स्कॅनर लावून पुन्हा शून्यावर आणावा लागतो.

नव्या चाकाकडून पुष्कळदा अशा गोष्टींची अपेक्षा केली जाते ज्यांचा चाकाशी संबंधच नसतो. ८० च्या वेगाला हात थरथरणे हे बहुधा रस्त्यावरच्या चाकांच्या बॅलन्सिंगचे दुखणे. गाडी एका बाजूला ओढते ती अलाइनमेंटमुळे किंवा टायरमधल्या हवेमुळे. स्टेअरिंग मोकळे फिरते, खडखडते ते टायरॉड एंड, बॉल जॉइंट किंवा रॅकच्या झिजेमुळे. आळंद, अफजलपूरच्या तुरीच्या शेतांकडे पावसाळ्यात जाणाऱ्या गाड्यांना एक खास त्रास होतो: काळ्या मातीचा चिखल त्या चाकांच्या रिमच्या आतल्या बाजूला थापला जाऊन वाळतो, आणि डांबरी रस्त्यावर येताच स्टेअरिंग थरथरू लागते. तिथे पाण्याचा पाइप पुरतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या ९८ व्या नियमानुसार स्टेअरिंगमधला मोकळा खेळ ३० अंशांपेक्षा जास्त असता कामा नये. तो वाढला असेल तर हजारो रुपयांचे चाक घेण्याआधी काही शेकड्यांचा टायरॉड एंड पाहावा.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. मोटार वाहन कायदा १९८८ चे ५२ वे कलम वाहनाच्या मूळ स्वरूपात फेरफार करण्यावर बंधन घालते, आणि जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे वाचले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कव्हरावरून कोणी अडवत नाही. सक्तीची एअरबॅग काढलेली गाडी मात्र अडचणीत येऊ शकते, आणि सीमाभागात असे प्रसंग जास्त येतात. इथे लातूर, सोलापूर, उदगीरकडून घेतलेल्या एमएच पाटीच्या जुन्या गाड्या पुष्कळ. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या गाडीला तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरणही असते. अशा वेळी बिदर, भालकी किंवा कलबुर्गीच्या आरटीओत गाडी निरीक्षकासमोर उभी राहते. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघाताच्या दाव्यात वादाचे कारण होतो, तो भाग वेगळा.

म्हणून उतरवलेले मूळ स्टेअरिंग आणि त्याचा नट जपून ठेवणे शहाणपणाचे. एअरबॅगचे पॅड ठेवताना त्याची बाहेरची बाजू वर असावी, वर काही रचू नये, आणि ते पत्र्याच्या तापणाऱ्या शेडमध्ये किंवा मुलांच्या हाताशी नसावे. वायरी टेस्टरने तपासून पाहण्याचा मोहही टाळावा. तेवढ्या विजेनेही पिशवी उघडू शकते. पॅड निकामी करायचे असेल तर ते भंगारवाल्याकडे न देता कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारावे.